शिवी, नोंद आणि माणूस

(महात्मा जोतीराव फुले यांच्या स्मृतिदिनानिमित्त पनागर, जि. जबलपूर येथे दिलेले व्याख्यान)



जोतीरावांच्या स्मरणार्थ होणारं हे व्याख्यान नर्मदेच्या या मुलखात मराठीतून व्हावं, यात मला मोठं औचित्य वाटतं. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी ज्यांनी झीज सोसली त्यांच्याविषयी त्यांनी आदर व्यक्त केला, आणि आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवून शूद्रांना मोकळं करावं, अशी आशा बोलून दाखवली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. दोन खंडांवरच्या दोन दुःखांची जात एकच आहे, हे पुण्यात राहून त्यांनी ओळखलं होतं. त्या ओळखीच्या आधाराने आज मला एका प्रश्नाविषयी बोलायचं आहे. रंगावरून, जातीवरून, जन्मावरून दिलेली शिवी माणसाच्या मनात काय करते? आणि ती पचवून, झिडकारून किंवा अंगावर घेऊन माणूस स्वतःला पुन्हा कसा आपलंसं करतो?

हा विषय पनागरला परका नाही. इथून सिहोऱ्यावरून कटनीकडे निघालं की वाटेत स्लीमनाबाद लागतं. ज्या इंग्रज कॅप्टन स्लीमनच्या नावाने ते गाव वसलं, त्याने १८३०च्या दशकात जबलपूर हे ठगांविरुद्धच्या मोहिमेचं केंद्र केलं. वाटसरूंचे खून होत होते, ते थांबवणं आवश्यक होतं, याबद्दल वाद नाही. पण त्या मोहिमेसाठी जो कायदा झाला, तो आपण नीट पाहिला पाहिजे. १८३६ सालच्या तिसाव्या कायद्याने असं ठरवलं की, एखादा माणूस ठगांच्या टोळीत कधीही होता एवढं सिद्ध झालं तरी त्याला जन्मठेप देता येईल. त्याने अमुक दिवशी अमुक माणसाला मारलं, हे दाखवण्याची गरज उरली नाही. तो काय करतो याच्या जागी तो कोण आहे, हा गुन्हा झाला. शिक्षा झालेल्यांच्या अंगावर ‘ठग’ ही खूण गोंदली जाई. गोंदण्याची ती शिक्षा १८४९ मध्ये कायद्याने बंद झाली. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी जबलपुरात उद्योगशाळा काढली गेली. तिथे तंबू आणि गालिचे तयार होत. त्या मुलांनी कुणाचा गळा आवळला नव्हता. तरी बापाचं नाव त्यांच्याही कपाळी आलंच.

१८३९ साली मेडोज टेलरची ठगाच्या जबानीवरची कादंबरी निघाली. आपल्या दख्खनेत, निजामाच्या राज्यात चाकरी केलेला हा लेखक. त्या पुस्तकाने ‘ठग’ हा शब्द इंग्लंडच्या घराघरांत पोचवला, आणि पुढे तो अमेरिकेत गेला. तिथे त्याचं काय झालं, हे माझ्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे.

जानेवारी २०१४ मध्ये रिचर्ड शर्मन नावाचा एक काळा अमेरिकन फुटबॉलपटू सामना जिंकल्यानंतर मैदानावर आवेशाने बोलला. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकलेला हा तरुण. दुसऱ्या दिवसापासून दूरचित्रवाणीवर त्याला एकच विशेषण लागलं : ‘ठग’. तेव्हा त्याने जाहीरपणे सांगितलं की, काळ्यांसाठीची जी जुनी घाणेरडी शिवी आता सभ्य माणसाला तोंडावर देता येत नाही, तिच्या जागी हल्ली हा शब्द चालतो. पुढच्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये पोलिसांच्या ताब्यातल्या एका काळ्या तरुणाच्या मृत्यूनंतर दंगल उसळली. शहराच्या महापौरांनी आणि राष्ट्राध्यक्षांनी दंगलखोरांना हाच शब्द लावला. ते दोघेही काळे होते. नगरपरिषदेच्या एका काळ्या सदस्याने थेट प्रक्षेपणातच हरकत घेतली : मग सरळ ती जुनी शिवीच द्या ना! जबलपूरच्या कचेरीत एका टोळीसाठी वापरलेला शब्द पावणेदोनशे वर्षांनंतर अमेरिकेत एका संपूर्ण वर्णाच्या तरुणांसाठी वापरला जात होता. दोन्हीकडे काम एकच : माणसाकडे पाहण्याआधीच त्याचा निकाल लावणं.

या दोन टोकांच्या मध्ये एक काळा गायक आहे. तुपाक शकूरने नव्वदच्या दशकात स्वतःच्या पोटावर मोठ्या अक्षरांत ‘ठग लाइफ’ असं गोंदवून घेतलं. तो त्या अक्षरांचा अर्थ असा लावे की, लहान लेकरांना तुम्ही जो द्वेष भरवता, तो शेवटी सगळ्यांच्याच वाट्याला येतो. कंपनी सरकारने जी अक्षरं शिक्षा म्हणून कैद्यावर उमटवली, ती या तरुणाने आपल्या हाताने अंगावर घेतली. १९९६ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, तो गोळ्यांना बळी पडला. त्याच्या वाटेवर सगळ्यांनी जावं असं मी म्हणणार नाही. पण त्याने जे केलं त्यामागची निकड समजून घेतल्याशिवाय शिवीचा आणि स्वत्वाचा संबंध कळणार नाही.

ती निकड कुठे जन्मते? केनेथ आणि मेमी क्लार्क या अमेरिकेतल्या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या सुमारास त्याचा शोध घेतला. तीन ते सात वर्षांच्या मुलांपुढे त्यांनी बाहुल्या ठेवल्या. सगळ्या सारख्या, फक्त रंग वेगळा. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, खेळायला कोणती हवी, असे प्रश्न विचारले. बहुसंख्य काळ्या मुलांनी गोऱ्या बाहुलीला चांगलं म्हटलं आणि तीच मागितली. शेवटचा प्रश्न होता : तुझ्यासारखी दिसणारी कोणती? इथे उत्तरेकडच्या काही मुलांना रडू फुटलं, काही खोली सोडून पळाली. पण केनेथ क्लार्कना आयुष्यभर सलत राहिला तो दक्षिणेतल्या अर्कान्सासचा एक मुलगा. तो रडला नाही. त्याने हसत काळ्या बाहुलीकडे बोट दाखवलं, तिला ती शिवी दिली, आणि मीही तोच आहे, असं सांगितलं. त्या लेकरासाठी ती शिवी राहिलीच नव्हती. ते त्याचं नाव झालं होतं. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा निकालपत्राच्या टिपेत क्लार्क यांच्या अभ्यासाचा उल्लेख आला.

शिवीचं खरं यश रडणाऱ्या मुलात नाही, त्या हसणाऱ्या मुलात आहे. रडणाऱ्याला अजून माहीत असतं की हे आपल्यावर लादलेलं आहे. हसणाऱ्याच्या मनात लादणारा आणि सोसणारा एकच झालेला असतो. मार्टिनिकमध्ये जन्मलेले फ्रान्झ फॅनन पुढे मनोविकारतज्ज्ञ झाले. फ्रान्समध्ये एका लहान मुलाने त्यांच्याकडे बोट दाखवून, ‘आई, बघ, निग्रो!’ अशा अर्थाचं काही म्हटलं. त्या क्षणी आपलं शरीर आपलं राहिलं नाही, दुसऱ्याच्या नजरेतून तुकड्यातुकड्यांनी परत मिळालं, असा अनुभव त्यांनी १९५२च्या आपल्या पुस्तकात मांडला. उच्चशिक्षित डॉक्टरची ही गत, तर खेड्यातल्या शाळेत मागच्या रांगेत बसलेल्या पोराची काय?

आता आपल्या घरी येऊ. जबलपुरात जे बी पेरलं गेलं, त्याचं झाड १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उगवलं. व्यक्तीऐवजी जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरली. या देशात धंदा जातीने चालतो, म्हणून चोरीही जातीनेच चालत असणार, असा युक्तिवाद तेव्हा झाला. ज्यांची नावं नोंदवली गेली त्यांना हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला पास लागे. १९११च्या कायद्यानंतर मुंबई इलाखाही या कचाट्यात आला. सोलापुरात या जमातींना ठेवलेली तारेच्या कुंपणातली ‘सेटलमेंट’ त्यातलीच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. मात्र पाठोपाठ राज्यांचे सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि ठाण्यातली नजर कायम राहिली. आपल्या मध्य प्रदेशातल्या पारधी, कंजर, सांसी वस्त्यांना हे सांगावं लागत नाही. गावात चोरी झाली की पहिली जीप कुठे वळते, ते त्यांना ठाऊक आहे.

या आणि शेजारच्या दलित जगातून मराठीत एक विलक्षण साहित्य आलं. त्या पुस्तकांची नावं ओळीने पाहा. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, १९८०. शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’, १९८४. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’, १९८७. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’, १९९४. गावाने ज्या शब्दाने हिणवलं, पोलिसाने ज्या शब्दाने हाक मारली, तोच शब्द लेखकाने मुखपृष्ठावर आपल्या नावाशेजारी छापला. अमेरिकेतला काळा विनोदकार आणि कार्यकर्ता डिक ग्रेगरी याने १९६४ साली नेमकं हेच केलं होतं. त्याच्या आत्मचरित्राचं नाव ती शिवीच आहे. अर्पणपत्रिकेत तो आईला सांगतो की, यापुढे तो शब्द कानी पडला तर समज, ते माझ्या पुस्तकाची जाहिरात करताहेत. लिंबाळ्यांनी ग्रेगरी वाचून आपलं शीर्षक ठेवलं, असा माझा दावा नाही. दोन्हीकडचा घाव सारखा होता, म्हणून दोन्हीकडे उपायही सारखाच सुचला.

‘अक्करमाशी’त पाटलाच्या पोटी आणि महार आईच्या कुशीत जन्मलेला मुलगा विचारतो की, मी नक्की कोणाचा? उत्तर मिळत नाही, पण प्रश्न तो स्वतः विचारतो, आणि तो प्रश्न आता गावाला टाळता येत नाही. ‘उपरा’ला १९८१चा आणि ‘उचल्या’ला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिवीचा शब्द दिल्लीच्या सन्मानपत्रावर छापला गेला. त्याहून मोलाचं असं की, वस्तीतल्या कुठल्या तरी मुलाने ते पुस्तक हातात धरलं आणि त्याला कळलं की या शब्दाच्या आत एक पुरं माणूस राहतं. बायकांची वाट याहून अवघड होती. बेबीताई कांबळे फलटणच्या आपल्या दुकानात बसून, नवऱ्यापासून लपवून लिहीत राहिल्या. ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलं. बाहेरचा अपमान सोसणारी बाई घरातलाही सोसते, हे त्यांनी निर्भयपणे मांडलं.

इथे काळ्यांचं आणि आपलं नातं केवळ योगायोगाचं नाही. दलित साहित्यिक डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांविषयी इथे सांगू लागले. गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने तो विचार मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत नेला. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी संघटना उभी केली, तेव्हा अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून तिला दलित पँथर हे नाव दिलं. त्याआधी १९४६ च्या जुलैत बाबासाहेब आंबेडकरांनी काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहून अमेरिकन निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली होती, आणि द्यु बॉईसनी ३१ जुलैला उत्तर पाठवलं होतं.

याच द्यु बॉईसनी शिवी आणि नाव यांबद्दल एक कठोर मत मांडलं होतं. १९२८ साली एका हायस्कूलच्या मुलाने त्यांच्या मासिकाला लिहिलं की, ‘निग्रो’ हा शब्द आपल्याला कमीपणा आणतो, तो सोडा. द्यु बॉईस उत्तरले की, नाव बदलून द्वेष जात नाही. उद्या दुसरं नाव घेतलंस तरी जग तुला त्याच नजरेने पाहील, आणि न्यूनगंड नावात नसतो, तो मनात असतो. मला या उत्तराचा आदर वाटतो, पण ते अपुरं वाटतं. मनातला न्यूनगंड आपोआप उगवत नाही. अर्कान्सासच्या त्या मुलाच्या मनात तो शब्दानेच पेरला होता.

बाबासाहेबांनी वेगळा मार्ग घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. ज्या व्यवस्थेत जातीचं नाव शिवी ठरलं होतं, ती व्यवस्थाच त्यांनी सोडली. काळा मुष्टियोद्धा कॅशियस क्ले याने १९६४ मध्ये मुहम्मद अली हे नाव घेतलं, तेव्हा त्यानेही मालकाकडून आलेलं नाव नाकारलं. म्हणजे तीन वाटा दिसतात. ग्रेगरी, लिंबाळे, गायकवाड यांनी शिवी उचलून छातीवर लावली. बाबासाहेबांनी आणि अलींनी तिच्याकडे पाठ फिरवली. द्यु बॉईसनी तिला महत्त्व देणंच नाकारलं. १९६६ नंतर अमेरिकेच्या रस्त्यांवर ‘काळं ते सुंदर’ ही घोषणा घुमली, तिच्यात तिन्ही वाटांचा काही ना काही अंश होता.

यातली कुठली वाट बरोबर, हे ठरवणारा मी कोण? माझं म्हणणं एवढंच आहे, आणि आजच्या व्याख्यानाचं सारही तेच आहे : वाट निवडण्याचा हक्क ज्याला शिवी दिली गेली त्याचा आहे. तो दुसऱ्या कुणाचा नाही, सरकारचाही नाही. २०१८ मध्ये आपल्याच राज्यातल्या उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाच्या आदेशानंतर केंद्राने सूचना काढली की, सरकारी कामकाजात ‘दलित’ न म्हणता ‘अनुसूचित जाती’ असंच लिहावं. सरकारी कागदावर घटनेतला शब्द असावा, हे मला मान्य आहे. पण तीच सूचना पुढे वृत्तमाध्यमांनाही दिली गेली, ते मान्य नाही. ‘दलित’ हा शब्द त्या समाजाने लढून कमावला आहे. ज्यांनी तो कमावला, त्यांनीच तो ठेवावा किंवा टाकावा.

आणि एकाने उचललेली शिवी दुसऱ्याला वापरायची मोकळीक देत नाही. लिंबाळ्यांनी ‘अक्करमाशी’ लिहिलं, म्हणून पाटलाच्या ओसरीवर तो शब्द शुद्ध होत नाही. काळे गायक एकमेकांना त्या शब्दाने हाका मारतात, म्हणून आपल्या शहरी पोरांनी गाण्याच्या नादात तो उच्चारावा, असं होत नाही. काळ्यांमध्येही यावर एकमत नाही. २००७ मध्ये त्यांच्या सर्वांत जुन्या हक्कसंघटनेने डेट्रॉइटमध्ये त्या शब्दाची प्रेतयात्रा काढून तो पुरला. तो त्यांचा वाद आहे, त्यांना तो करू द्या.

शिवीचा घाव आपल्या कायद्यानेही ओळखला आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या एका खटल्यात जातिवाचक हिणवण्याची तुलना अमेरिकेतल्या त्या शिवीशी केली आणि दोन्ही आजच्या काळात असह्य ठरवल्या. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर जातीच्या नावाने शिवीगाळ हा स्वतंत्र गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली जातीनुसार कामवाटणी रद्द केली आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला. विमुक्त जमातींना जन्मजात सराईत समजणारे नियमही त्याच निकालाने मोडीत काढले. १८३६ पासून चालत आलेल्या एका विचाराला न्यायालयाने इतक्या स्पष्ट शब्दांत उत्तर दिलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण कायदा उंबरठ्यापर्यंतच जातो. लोकांच्या देखत झालेला अपमान तो पाहतो. चार भिंतींच्या आत कुणी साक्षीला नसताना झालेला अपमान त्या कलमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेच २०२० मध्ये सांगितलं. उंबरठ्याच्या आतलं काम आपल्याला करावं लागेल. त्याच वर्षी वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी याने सांगितलं की, भारतात खेळताना सहकारी त्याला ‘काळू’ म्हणत, आणि त्याला वाटे की हा ताकदवान घोड्यासाठीचा शब्द असावा. खरा अर्थ कळल्यावर तो संतापला. आम्ही प्रेमाने म्हणत होतो, असं पुढे त्याच्या कानी आलं. हे प्रेम आपण घरातही करतो. सावळ्या लेकीला लाडाने काळी म्हणतो आणि तिच्या लग्नाच्या वेळी ‘गोरी’ मागणाऱ्या जाहिराती वाचून उसासे टाकतो. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या गोरेपणाच्या क्रीमने २०२० मध्ये नाव बदललं. आपल्या घरातली भाषा तशीच राहिली.

पण रंगापलीकडे पाहणं आपल्याला नवं नाही. मराठी मुलखाने एके काळी हबशी मलिक अंबरला डोक्यावर घेतलं होतं. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कणा झाला. त्याने खडकी नावाचं शहर वसवलं, जमिनीची मोजणी आणि सारापद्धत घालून दिली. मोगल बादशहा जहांगीरने आपल्या आठवणींत त्याला रंगावरून शिव्या दिल्या आणि त्याच्या तुटक्या मुंडक्यावर आपण बाण मारत असल्याचं चित्र काढवून घेतलं. प्रत्यक्षात बादशहाला तो कधी सापडला नाही. १६२६ मध्ये तो वृद्धापकाळाने गेला. दख्खनच्या शेतकऱ्याने त्याची सारापद्धत लक्षात ठेवली. हाही आपलाच वारसा आहे.

म्हणून माझं तुमच्याकडे मागणं आहे. जातीवरून, रंगावरून, जमातीवरून घरात बोलले जाणारे शब्द थांबवा, लाडाचे असले तरी थांबवा. शिक्षकांनी वर्गात मुलाला त्याच्या नावानेच हाक मारावी. वस्तीतल्या मुलाला चोरीच्या संशयावरून ठाण्यात नेलं, तर गावातल्या चार प्रतिष्ठितांनी पुरावा काय, हे विचारायला जावं. ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’, ‘जिणं आमुचं’ ही पुस्तकं इथल्या वाचनालयात आणा, आणि मराठी न येणाऱ्या शेजाऱ्यांसाठी त्यांचे हिंदी अनुवादही ठेवा. स्वतःला स्वीकारण्याचं काम ज्याचं त्यालाच करावं लागतं. ते काम अवघड न करणं, एवढं मात्र आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे, आणि ते आपण आजपासून केलं पाहिजे.